तुमच्या यंत्रात नसलेलं अक्षर

अण्णा, तुमचं यंत्र चालू झालं. निकाल आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट शेवटपर्यंत ऐकायचा धीर तुम्हाला कधीच नव्हता. मी शाळेतलं काही सांगायला लागले की हातातली सोल्डरिंगची कांडी खाली न ठेवता तुम्ही म्हणायचे, "पास झाली का नापास झाली, ते आधी बोल. मंग बाकीचं पुराण लाव." तर पास. टीव्हीच्या पडद्याला कडेनं लाल-निळे पट्टे आले, टेपचा तो डोकं उठवणारा चिरका आवाज आला, आणि शेवटी तुमचा मेनू दिसला. एक दाबलं की नवी पट्टी, दोन दाबलं की जुनी, तीन दाबलं की बंद. ते बघून मला भरून आलं असं लिहिलं तर तुम्हाला आवडेल, पण खरं म्हणजे मला घाम आल्ता आणि भूक लागली होती. रडू नंतर आलं, आणि तेही दुसऱ्याच कारणानं.

हे सगळं कशासाठी, तर तुमच्या नातीचं लग्न ठरलं. माझी लेक. तुम्ही गेले तेव्हा ती पोटातही नव्हती, त्यामुळे तुमची तिची भेट नाही. पण तुमचा हट्टीपणा तिनं कुठून उचलला कोण जाणे. ती बँकेत आहे. मुलगाही बँकेतच, अंबडच्या शाखेत. तिनंच पसंत केलेला. मुलगा बौद्ध घरातला आहे. हेही आधीच सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरूनच चालते आणि ते झाकून मला लिहिता येणार नाही. लग्न रजिस्टर करायचं, जेवण नवीन जालन्यातल्या हॉलवर, हे दोघांनीच ठरवलं. माझ्याकडे तिनं एकच मागितलं. "मम्मी, हळद आजीच्या घरी. आणि आजीच्या दारावर आजोबांची पट्टी पाहिजे. दोघांच्या नावाची." मी म्हटलं, आजीला विचार. ती म्हणाली, "तू विचार. तुझी आई आहे." अन् गेली निघून.

पट्टी म्हणजे काय हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण इतक्या वर्षांनी मलाच ते नीट आठवून बघावंसं वाटतंय. जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानांमागची आपली गल्ली, खाली तुमचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, वर आपलं घर. तुम्ही हैदराबादला रेडिओचे सुटे भाग आणायला गेल्ते आणि येताना एक खोकं घेऊन आले. त्यात काळं, चपटं, पाटीएवढं यंत्र. त्याला पडदा नाही, काही नाही, नुसत्या रबरी कळा. आई म्हणाली, "हे काय, पेटी का काय? भजनं म्हणायची का आता?" तुम्ही ते गिऱ्हाइकाच्या टीव्हीला अँटेनाच्या जागी जोडलं, टेपरेकॉर्डरवर प्रोग्रामची कॅसेट लावली, कारण ह्याचा प्रोग्राम आवाजातच भरलेला असायचा, आणि घरात कॉम्प्युटर आला म्हणून गल्लीभर सांगत सुटले. त्याचं करायचं काय, हे मात्र तुम्हालाच ठाऊक नव्हतं. बरेच दिवस त्याच्यावर नुसता एक चेंडू भिंतीला आपटत होता. मग आत्याच्या पोरीचं लग्न निघालं आणि तुमच्या डोक्यात आलं की कुण्या व्यापाऱ्यानं मोडीत काढलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर याला जोडायचा, आणि एकाला एक लागून न तुटता येणाऱ्या कागदावर नवरा-नवरीची नावं आडवी, वीतभर उंच छापायची. हळदीच्या दिवशी ती पट्टी दारापासून खिडकीपर्यंत लागली आणि लोक हळद सोडून पट्टी बघायला लागले. तेव्हापासून आपल्या भावकीत ती रीतच पडली. वडीगोद्रीचे काका लग्न ठरलं की आचाऱ्याच्या आधी तुम्हाला सांगायला यायचे. "पट्टी येऊ द्या, मंगच पोरीला हळद लावू."

त्या यंत्राला मराठी येत नव्हतं. तुम्ही गणिताच्या चौकोनी वहीचे कागद फाडून, स्वयंपाकघरात जमिनीवर मांडी घालून, एकेक अक्षर चौकोन-चौकोन भरून काढायचे. आई भाकरी थापतेय, मी अभ्यासाचं सोंग करतेय, आणि तुम्ही मध्येच विचारताय, "क्षचं पोट केवढं ठेवू गं?" आई म्हणतेय, "माझ्याएवढं ठेवा." प्रत्येक ओळीतल्या भरलेल्या चौकोनांचा मिळून एक आकडा व्हायचा. ते आकडे मी वाचायचे आणि तुम्ही एका बोटानं टाईप करायचे. सगळी बाराखडी तुम्ही कधी केलीच नाही. ज्या लग्नाला जे अक्षर लागेल तेवढंच करायचे. "ह्याच्या डोक्यात जागा कमी ए, कामापुरतंच भरायचं," म्हणायचे. त्यामुळे आपल्या काकांची, आत्यांची, त्यांच्या जावयांची, गल्लीतल्या चार घरांची जी नावं होती, तेवढीच अक्षरं त्या कॅसेटमध्ये जमा होत गेली.

एकदा तुम्ही दुकानात नव्हते आणि मी शहाणपणा करून कॅसेट लावली. आधी अक्षरं घेतली, मग प्रिंटरचा प्रोग्राम. म्हणजे उलटं. प्रिंटरचा प्रोग्राम नेमका अक्षरांच्या जागेवर जाऊन बसला आणि कागदावर वीतभर कचरा छापून आला. तुम्ही आले, कागद बघितला आणि दुकानात बसलेल्या चार लोकांसमोर म्हणाले, "आधी प्रिंटर, मंग अक्षरं. घर बांधून झाल्यावर पाया खोदती का गं?" मी रागानं जेवले नाही. तुम्हीच ताट घेऊन वर आले. "जेव. अन् जेवून झालं की बराबर क्रमानं लावून दाखव." मी लावून दाखवलं. आज मी स्टेशनकडच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळते. नवी पोरं वायरी कशाही खोचतात तेव्हा पायाचं ते वाक्य माझ्या तोंडून आपोआप निघतं, फक्त "गं"च्या जागी "रे" येतं.

तुम्ही गेल्यावरही आईनं पट्ट्या छापल्या. पण मग फ्लेक्स आले, रंगीत, नवरदेवाच्या फोटोसकट, आणि तुमचं यंत्र चादरीत गुंडाळून माळ्यावर गेलं. लेकीच्या लग्नाचं आईला सांगितलं तेव्हा "तुमचं तुम्ही बघा" एवढंच ती म्हणाली होती, आणि तेव्हापासून त्या विषयावर तिच्या तोंडाला कुलूप. त्यामुळे पट्टीचं विचारायला गेले ते भीतभीतच. ती शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "काढ खाली. चालतं का बघ. चाललं तर छापू." मला नवल वाटलं. एवढ्या सहजी? मी मनात म्हटलं, चला, म्हातारी निवळली. मला वाटलं आता फक्त यंत्राचंच काय ते.

आणि यंत्रानं मला रडकुंडीला आणलं, अण्णा. कळांच्या खालचा तो पातळ पारदर्शक पडदा सुकून टोकाशी तुटला होता. तुम्ही करायचे तसं कात्रीनं टोक सरळ कापलं आणि परत खोचलं. भिंतीवरच्या नव्या टीव्हीनं त्याला ओळखच दिली नाही, म्हणून दुकानातला बटण फिरवून चॅनल लावायचा जुना टीव्ही पुसून घेतला. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा तर वितळून गुळासारखा झाला होता. नवा घातला आणि कॅसेट एकदाच वाजवून तिचा आवाज फोनमध्ये उतरवून घेतला, कारण ती दुसऱ्यांदा तग धरेल याचा भरवसा नव्हता. तुम्हाला हे ऐकून मजा वाटेल: आता तुमची कॅसेट माझ्या फोनमध्ये आहे. फोनची वायर यंत्राला लावायची, आवाज पूर्ण मोठा करायचा आणि वाजवायचं. यंत्राला वाटतं टेपच वाजतेय. पहिल्या वेळी सगळं छान चाललेलं, पट्टे येतायत, आणि शेवटाला आलेलं असताना फोन वाजला, टिंग. लग्नाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी गुलाबाचं फूल पाठवलं होतं. ते टिंग यंत्रानं प्रोग्रामचाच भाग समजून गिळलं आणि सगळं बंद. पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा टिंग, या वेळी मेहंदीवाली. आई पाटावर बसून बघतेय आणि म्हणतेय, "तुझ्या अण्णाच्या टायमाला हे बरं होतं. कुणाला निरोप द्यायला जिना चढून यावं लागायचं." शेवटी मी फोनचं सगळं बंद करून ठेवलं तेव्हा तुमचा मेनू आला.

मध्ये मी एक पळवाट काढून बघितली होती, तीही सांगते. माझ्या लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर असतं, ते तुमच्या जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करतं. तुमचा प्रोग्राम त्यात चालला, वीस पट वेगानं. पण छापायची वेळ आली की सगळं अडलं. तुमचा प्रोग्राम प्रिंटरला ठिपक्या-ठिपक्यानं अक्षर उमटवायला एकेक टाचणी कुठं मारायची ते सांगतो. आजच्या प्रिंटरला ती भाषा कळत नाही, आणि तुमच्या प्रिंटरची ती बोटभर रुंद वायर लॅपटॉपला कुठेच लागत नाही. दोघांच्या मध्ये दुभाषा म्हणून एक डबी मिळते, ती मागवली. तिनं निम्मी अक्षरं खाल्ली. तेव्हा गपचूप मूळ यंत्राकडे परत आले. प्रिंटर उघडला तर आतून दसऱ्याच्या पूजेच्या अक्षता निघाल्या. रिबीन वाळून खडंग झालेली, तिला स्टॅम्प पॅडची शाई पाजली. मग छापलं तर प्रत्येक ओळीनंतर एक पांढरी ओळ, अक्षरांचे नुसते काप. यंत्रही कागद एक ओळ सरकवत होतं आणि प्रिंटरही आपल्या मनानं अजून एक. हे ठरवणारी प्रिंटरच्या मागची ती चिमुकली बटणं पुसताना माझ्याच हातून हलली होती. कोणतं वर, कोणतं खाली? बघते तर प्रत्येक बटणाशेजारी गुलाबी ठिपका. तुम्ही माझी नेलपॉलिश वापरली होती, अण्णा! जत्रेतून आणलेली, नवीकोरी बाटली. मी तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं आणि आईनं शपथेवर सांगितलं होतं की मांजरानं सांडली. सगळी बटणं ठिपक्यांकडे केली. अक्षर सलग आलं, काळंभोर, जाडजूड. लेकीचं नाव पूर्ण छापलं. आईनं कागदावरून हात फिरवला.

मग मी मुलाचं नाव टाईप केलं. त्याच्या नावाच्या मधोमध द्ध आहे. पडद्यावर पहिलं अक्षर आलं, आणि मग कोरा चौकोन. मी पुन्हा केलं. पुन्हा कोरा चौकोन. मी आईकडे बघितलं तर तिला बिलकुल आश्चर्य वाटलेलं नव्हतं. "न्हाई ते," ती म्हणाली. "तुझ्या अण्णानं ते अक्षर केलंच न्हाई. कधी लागलंच न्हाई आपल्याला." मी विचारलं, तुला माहीत होतं? "मला न्हाई तर कुणाला?" म्हणजे इतके दिवस मी कात्री, शाई, वायरी घेऊन मरमर करून राह्यले होते आणि ही पाटावर बसून शेंगा खात होती, कारण हिला ठाऊक होतं की गाडी शेवटी इथंच येऊन थांबणार आहे! तोंडानं नाही म्हणायची गरजच नाही. यंत्रच नाही म्हणेल. अशी बिलंदर बाई तुम्ही मागे ठेवून गेलात. मी म्हटलं, काही अडत नाही, द मोडून शेजारी ध लावू. तर म्हणाली, "लग्नाच्या पट्टीवर पाय मोडलेलं अक्षर? काही तरीच." मी म्हटलं, मग मी नवं अक्षर करते, अर्ध्या तासाचं काम आहे. "कर ना. तुझं तू कर. पण ती तुझ्या अण्णाची पट्टी न्हाई मंग. अन् माझ्या दाराला तुझ्या अण्णाचीच लागती." आमचं वाजलं. मी तिला बरंच बोलले. तीही बोलली. मी वायरी तशाच सोडून पूल ओलांडून माझ्या घरी आले.

घरी आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. कधी लागलंच न्हाई आपल्याला. तुमचा एक दोस्त होता, आठवतो का, मागच्या वस्तीतले मास्तर. तेही बौद्ध. संध्याकाळी दुकानात येऊन बसायचे, तुम्ही दोघं मिळून रेडिओच्या बातम्यांना शिव्या घालायचे, एकमेकांची सुपारी खायचे. तुम्ही आजारी पडले तेव्हा दवाखान्यात तुमच्या उशाशी काकांपेक्षा जास्त तेच बसलेले मी बघितलेत. पण ते जिना चढून वर आलेले मला आठवत नाहीत. मास्तरांच्या पोरीच्या लग्नाला तुम्ही आहेर घेऊन गेले, जेवून आले, जेवणाचं कौतुकही केलं. पट्टी केली नाही. केली असती तर आकडे मी वाचले असते. त्यांच्या जावयाच्या नावात काय होतं मला माहीत नाही, कदाचित हेच अक्षर असेल, कदाचित नसेल. गल्लीतल्या मारवाड्याच्या घरी पट्टी लागली, टेलरच्या पोराच्या निकाहला उर्दू येत नाही म्हणून मराठीतून लागली. मास्तरांनी मागितली नाही आणि तुम्ही विचारलं नाही. मी तुम्हाला देव मानत आले असं नाही, पण हे मला लागलं, अण्णा. आता कुणाला विचारू?

लेकीला मी सांगितलं की जमत नाहीये, आजीला पटत नाहीये. ती एवढंच म्हणाली, "मंग हळद हॉलवरच लावू." रडली नाही, भांडली नाही. ते जास्त वाईट. पुढच्या रविवारी मात्र ती मुलाला घेऊन थेट आजीकडे गेली आणि मला फोन करून म्हणाली, आम्ही पोहोचलोय, तुला यायचं तर ये. मी धावत गेले. बघते तर पोरगा खाली मांडी घालून तुमच्या यंत्रासमोर बसलाय आणि आई नाही-नाही म्हणत त्याला सगळं समजावतेय, टीव्ही कुठला, वायर कुठली. विषय निघाला की तिला राहवत नाही, तुम्हाला माहीतच आहे. त्यानं सरळच विचारलं, "आजी, माझं नाव येतं का ह्याच्यात?"

"न्हाई येत," आई म्हणाली. "तुझं अक्षर न्हाई आमच्याकडं." असं तोंडावर. लेक लालबुंद झाली. मी काहीतरी सावरायला गेले, पण पोरगा हसला. "असू द्या आजी. तेवढी जागा कोरी सोडा. मी स्केचपेननं भरतो. सवय ए मला."

"कशाची सवय?"

"शाळेपासूनची. प्रमाणपत्र असो नाहीतर टेबलावरची पाटी, तेवढं जोडाक्षर लोकांना जमत न्हाई. सोडून देतात नाहीतर भलतंच काही तरी लिहितात. मंग मीच नीट करून घेतो." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पावसाळ्यात छत्री घ्यावी लागते असं सांगावं, तसं सांगितलं. चहा संपवला आणि स्वतःचा कप उचलून मोरीकडे निघाला. ते बघून आई एकदम म्हणाली, "ठेव खाली तो." जरा जोरातच म्हणाली. तो दचकून थांबला. "आमच्यात पाव्हणे कप विसळत न्हाईत. ठेव." त्यानं ठेवला. ती दोघं गेल्यावर आई बराच वेळ त्या कपाकडे बघत बसली. "स्केचपेननं भरतो म्हणं," असं पुटपुटली. दुसऱ्या दिवशी कामावर असताना तिचा फोन. "येताना चौकोनी वही आण. मोठ्या चौकोनाची."

मी गेले तर तिनं डब्यातली तूरडाळ ताटात काढून ठेवलेली. तेव्हा मला आठवलं की तुम्हीही असंच करायचे. खोडरबरानं कागद फाटतो म्हणून आधी एकेक चौकोनात डाळीचा दाणा ठेवायचे, अक्षर दिसायला बरं झालं की मगच पेन्सिल फिरवायचे. आई चष्मा नाकावर ओढून दाणे मांडू लागली. द झाला. त्याच्या पोटाखाली ध बसेना. कधी त्याचं डोकं जायचं, कधी शेपूट. "हे ध लोंबकळून राह्यलं. पडतं का काय खाली." पुन्हा सगळे दाणे गोळा, पुन्हा मांडायला सुरुवात. हात थरथरतात तिचे आता, एक दाणा ठेवताना शेजारचे दोन हलतात. मी मदत करते म्हटलं तर हातावर चापटी मारली. आणि मांडता मांडता, मान खाली घालूनच विचारलं, "त्यांनी केलं असतं का गं हे?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"मला माहीत ए," आई म्हणाली. "न्हाई केलं असतं. अन् माझ्यावर ढकललं असतं. माझं काही न्हाई, पण हिला चालत न्हाई, असं म्हणले असते. मास्तरला तेच सांगायचे. मी कधी मास्तरला वर येऊ नको म्हणलं होतं का? मला कुणी विचारलंच न्हाई." मग म्हणाली, "विचारलं असतं तर मी नकोच म्हणले असते, ते येगळं." आणि शेवटचा दाणा ठेवला. मला तेव्हा रडू आलं. तुमचा राग आला म्हणून, का तिचा हात बघून, ते सांगता यायचं नाही. ती म्हणाली, "रडायला काय झालं? आकडे लाव." ती एकेका ओळीचे चौकोन मोजत गेली, मी टाईप करत गेले. ध थोडा वाकडा आहे. तुमच्या अक्षरांएवढा रेखीव नाही, पण कुणीही वाचेल.

हळदीच्या दिवशी सकाळी आईनं स्वतः कळ दाबली. आधी प्रिंटर, मग अक्षरं, बराबर क्रमानं. प्रिंटर करवतीसारखा ओरडत होता आणि कागद खाली घड्या घालत पडत होता. मुलाची आई आणि मावश्या आल्या होत्या. त्यांना आईनं वरच नेलं, स्वयंपाकघरात, आणि तिथंच सतरंजीवर बसवलं. वडीगोद्रीचे काका आले नाहीत. एक चुलत भाऊ आला, तो उभ्या उभ्या चहा घेऊन गेला. तुम्हाला खरं तेच सांगते, सगळं गोड झालं असं नाही. पट्टी दाराला लावायला पोरगा स्टुलावर चढला. स्वतःच्या नावाशी आल्यावर थांबला, तो वाकडा ध बघितला, आणि खाली माझ्या आईकडे बघून म्हणाला, "आजी, स्केचपेन लागला न्हाई." आई म्हणाली, "उतर आता, पडशील." मग लेकीला हळद लागली, त्यालाही लागली, आणि आईनंच पहिल्यांदा लावली.

हे पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. आई मास्तरांबद्दल बोलली तेव्हा तिला माझं माहीत होतं का, याचा मी अजून विचार करतेय. कारण लेकीनं सांगितल्या दिवसापासून मी सगळ्यांना, नवऱ्याला, ऑफिसात, खुद्द लेकीलाही हेच म्हणत होते की माझं काही नाही हो, पण आईला चालत नाही. आणि त्या दिवशी पडद्यावर कोरा चौकोन आला तेव्हा, आईशी भांडायच्या आधी, एक क्षण मला बरं वाटलं होतं. लेकीला हे सांगायची माझ्यात हिंमत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय.